आप्पांच्या राउटरची खुशाली

गेल्या महिन्यातला रविवार. सकाळी नऊला, इंदिरानगरच्या घरी चहा पीत मी आप्पांना पिंग केलं... म्हणजे लॅपटॉपवरून त्यांच्या राउटरला 'आहेस का?' असं विचारलं. उत्तर लगेच आलं. मी निश्चिंत.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय एक्याऐंशी, घोटीत एकटे राहतात. कॅमेरा बसवू म्हटलं तर म्हणाले, "मी काय सराफाचं दुकान आहे?" फोन मर्जी असली तर उचलतात. पण रात्री राउटर बंद आणि सकाळी उठल्या उठल्या चालू, हा नेम कधी चुकत नाही.

मग दोन व्हिडिओ बघून इंजिनिअर झालेल्या मी अक्कल लढवली. राउटरच्या पाठीवर छापलेला पत्ता टिपून आणला. सकाळी तिकडून उत्तर आलं, की आप्पा उठले! पाच महिने रोज उत्तर येत होतं...

साडेअकराला माझी मुलगी सई लॅपटॉपमध्ये डोकावली. ती कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"बाबा, 192.168.1.1 कुणाचा पत्ता?"

"आप्पांच्या राउटरचा."

"अहो, घराघरांतल्या राउटरवर हाच असतो! आपल्या टीव्हीमागचं खोकं उत्तर देतंय तुम्हाला..."

हसू यायला हवं होतं. पण आज आप्पा उठलेत, हे मग मला कुणी सांगितलं?

फोन लावला. नुसती रिंग. पुन्हा, पुन्हा... शेवटी आप्पांच्या शेजारच्या ढगेकाकूंना लावला. "थांबा भाऊ, बघते," म्हणत त्या फोन हातात घेऊनच निघाल्या. मला त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. मग कडी वाजली. "आप्पा, ओ आप्पा!" मग काहीच नाही... सईने माझा दंड घट्ट धरला होता. आणि एकदम काकू कुणावर तरी ओरडल्या, "मागलं दार तोडा!"

आप्पा पहाटेपासून न्हाणीघरात पडून होते. शुद्धीवर होते, पण खुबा मोडलेला.

दवाखान्यात मला बघून म्हणाले, "किती हाका मारल्या रे. तू तर म्हणायचास, मला इथं बसून सगळं कळतं..." मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

ऑपरेशन नीट झालं. काकूंना म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू?

"उपकार कसले भाऊ? रोज सकाळी एक फोन करायचा ना मला. मी काय लांब हाय? अंगण ओलांडलं की आले."

पाच महिन्यांत मी त्यांना एकदाही फोन केला नव्हता.