सात्यांची हळद

खुमेंद्रने मॅडमच्या सात्यांना हळद लावली, आणि अर्जुनी मोरगावच्या एका कॉलेजात लग्नघरासारखी धामधूम उडाली.

सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणारी रानटी अळंबी. खुमेंद्र त्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा मदतनीस. बारावीला तो याच विषयात गचकला होता, आणि ज्याने हाकललं त्याच्याच दारात येऊन नोकरीला बसला होता. काम मात्र झकास. त्याने घासलेल्या काचेच्या भांड्यात बघून भांग पाडावा. खोड एकच, सांगितलं त्यापेक्षा जास्त करायचं. पंखा लाव म्हटलं तर आधी पुसणार, मग लावणार, तोवर तास संपलेला.

तिथे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या योगेश्वरी मॅडमची पीएचडी सात्यांवर चालली होती. शरीराची झीज थोपवणारी द्रव्यं, ज्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात, ती सात्यांत किती असतात हे मोजायचं. सोमवारी नागपूरहून त्यांचे गाइड आकडे बघायला येणार होते आणि सात्यांचा हंगाम संपत आला होता. मॅडमनी मूठभर सात्या स्वतःकडे ठेवल्या आणि बाकीच्या खुमेंद्रकडे धुऊन वाळवायला दिल्या.

आता सात्या धुवायच्या म्हणजे मीठ-हळदीच्या पाण्यात घोळवायच्या, की किडे निघतात. हे तिकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मॅडमचं काम म्हणून खुमेंद्रने हळद जरा सढळ हातानेच घातली.

सात्या वाळल्या, त्यांची पूड झाली, पूड मिथेनॉलमध्ये भिजली आणि गाळून छान पिवळा अर्क निघाला. परीक्षा सोपी होती. जांभळ्या द्रावणात अर्क टाकायचा. अँटिऑक्सिडंट जितकं जास्त तितका जांभळा रंग उडतो, आणि किती उडाला ते मशीन सांगतं; तुलनेला व्हिटॅमिन सी ठेवतात. मॅडमनी थेंब सोडले, आणि तिकीट तपासनीस दिसल्यावर फुकटा प्रवासी पळावा तसा रंग पळाला.

"खुमेंद्रभाऊ, व्हिटॅमिन सी मागं पडलं," मॅडम खुर्चीत बसल्या बसल्या गिरकी घेत म्हणाल्या.

प्राचार्यांनी पेढे वाटले. खुमेंद्र पानठेल्यावर जाऊन लोकांना शहाणं करू लागला. "सफरचंद कायले खाऊन राहिले बे? सात्या खा. मशीननं सांगतलं."

गुरुवारी मॅडमनी खातरजमा म्हणून आपल्याजवळच्या मूठभर सात्यांचा अर्क काढला. रंग जेमतेम अर्धा उडाला. मॅडमनी चष्मा पुसला, मशीन पुसलं, मग खुमेंद्रला हाक मारली.

"तुमच्या सात्यांत वेगळं काय होतं?"

"काही नाही मॅडम. धुतल्या, वाळवल्या."

"कशानं धुतल्या?"

"धुतात तशाच. हळदीच्या पान्यानं."

मॅडम स्टुलावर बसल्या. हळद म्हणजे अँटिऑक्सिडंटची मोठी बहीण. इतके दिवस मशीन तिचंच कौतुक सांगत होतं. खुमेंद्रला वाटलं, आता नोकरी गेली. पण मॅडमच्या पोटातून आधी हुंदक्यासारखं काहीतरी आलं, आणि ते हसू निघालं. हसता हसता त्या म्हणाल्या, "सर तीनदा मोजल्याशिवाय आकडा मानत नाहीत. माझ्या सात्या संपल्या. हळद तुम्ही लावली, आता नवरी तुम्हीच आणा. कोरी."

केशोरीला खुमेंद्रची सासू सुलोचनाबाई राहायची. तिचं सात्यांचं वारूळ कुठे आहे हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. खुमेंद्रची मोटारसायकल अंगणात शिरली तेव्हा तिच्या पुढ्यात टोपलीभर सात्या, बाजूला पाण्याचं पातेलं आणि चिमटीत हळद.

"मामी, थांबा. हळद नोको."

"काऊन जी जवाईबापू? आता किडे बी खाऊन राहिले का?"

"मॅडमची पीएचडी अडली. ह्या सात्या मले द्या."

"साऱ्या? ह्या शेवटच्या होत. पुढच्या सालापर्यंत माह्या जिभेनं काय करावं?"

"टोपलीभर परत आणून देतो. माहा शब्द."

"वारूळ ठाऊक हाय का तुमाले?"

"शोधतो."

"माहं नाही. दुसरं शोधा." चिमटीतली हळद तिने सावकाश डब्यात परत टाकली आणि टोपली पुढे सरकवली.

सोमवारी नागपूरच्या सरांसमोर रंग अर्ध्याच्या जरा पुढे उडाला. तीनदा मोजलं, तीनदा तसाच. व्हिटॅमिन सी आरामात पुढे होतं. "हे पटतं," सर म्हणाले, आणि मॅडमनी त्यांच्या पाठीमागून खुमेंद्रला अंगठा दाखवला. प्रबंधात 'नमुने फक्त साध्या पाण्याने धुतले' हे वाक्य त्यांनी ठळक अक्षरात घातलं. सरांनी विचारलं, एवढं ठळक कशाला? मॅडमना खोकला आला.

खुमेंद्र तेव्हापासून दिसेल त्या वारुळाभोवती फिरतो. एकात सात्यांऐवजी मालक राहत होता, फणा काढून बाहेर आला. सासू फोनवर लेकीची, नातवाची, म्हशीची खुशाली विचारते आणि शेवटी म्हणते, "जवाईबापूले दे."

जवाईबापू त्या वेळी नेमके अंघोळीला गेलेले असतात. टोपली खुंटीला आहे, रिकामी.