मयताची पाई

झोप लागत नाही, नुसती डोळ्यांवर येऊन बसते. दुपार आहे. मलिंडा ओव्हनसमोरच्या खुर्चीत, घासून धुतलेले हात मांडीवर उताणे. आत पाई भाजतेय.

मनुकांची. अमेरिकेतल्या जुन्या वळणाच्या आमिश ख्रिस्ती लोकांच्या वस्तीत, जिथे विजेचा दिवा नाही आणि घोडागाडीशिवाय वाहन नाही, तिथे कुणी गेलं की हीच करतात. दोन पाऱ्या, मध्ये मनुकांचं घट्ट सारण. मरण काही सफरचंदांचा हंगाम बघून येत नाही. मनुका बरणीत कायम असतात.

सकाळी भाऊ, एनोस, पायरीवरूनच सांगून गेला: आई गेली. घोडा बांधला नाही, आत आला नाही. पाई मी करू का, असं मलिंडाने विचारलं. टोपीची कड चाचपत तो म्हणाला, वाटलं तर कर, घेतील की नाही ते मी कसं सांगू.

कारण मलिंडा वाळीत आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी गुडघे टेकून शब्द दिला, आणि पुढे तो मोडून बाहेरच्याशी लग्न केलं. तेव्हापासून तिच्या हातून कुणी काही घेत नाही. तिने वस्तू टेबलावर ठेवायची, हात मागे घ्यायचा, मग दुसऱ्याने ती उचलायची. इतरांचं कधीमधी चुकायचं. आईचं कधीच चुकलं नाही.

खुर्ची थोडी खाली जाते.

ओव्हनचं दार उघडं. आत कोठार आहे, मयताला येणाऱ्यांसाठी बाकं मांडलेली. एका बाकाच्या टोकाला आई बसलीय, लग्नातला पांढरा एप्रन बांधून. तो आता पुरण्यासाठी बांधलेला.

"लोणी घातलंस," आई वास घेऊन म्हणते. "पारी तुटणार."

"चरबी नसते घरात. त्याला डुकराच्या चरबीचा वास सहन होत नाही."

"एवढं सगळं सोडून गेलीस त्याच्यासाठी. आणि त्याला वास सहन होत नाही."

मलिंडाला हसू येतं. आईलाही येतं, पण ओठ उघडतात तेव्हा हसू बाहेर पडत नाही, मनुकांचा काळा रस ओघळतो. आई तो एप्रनला पुसते. एप्रन पांढराच राहतो.

बाकं नाहीत. रस्ता आहे, चिखल आहे, आणि मयताची गाडी निघायच्या बेतात. आई वर बसलीय, पाय खाली सोडून, जशी बाजाराला जाताना बसायची. मलिंडाच्या हातात पाईची थाळी. ती वर धरते.

"घे."

"ठेव खाली. मग घेते."

"कुठे ठेवू? टेबल नाही इथे."

आई बघते. खरंच नाही. घोडा शेपटी हलवतो.

"आता तरी हातातून घे, आई. आता तुला कोण विचारणार आहे?"

"मीच."

थाळी तापत चाललीय. ओव्हनमध्ये होती तशीच तापतेय, तिला अजून कुणी बाहेर काढलेलंच नाही. मलिंडा हात मागे घेत नाही. तिच्या मनात एकच आहे: गाडी हलायच्या आत, एकदा, हातातून हातात.

"भाजतंय तुला, मलिंडे. टाक ती."

"घे मग."

जळक्या कातडीचा वास सुटतो. आई वाकते, दोन्ही हात पुढे करते. ते हात थाळीपर्यंत येतात, थाळीला शिवत नाहीत, खाली जातात, तिच्या तळव्यांखाली. विहिरीतल्या दगडासारखे गार.

गाडी हलते.

मलिंडा उभी आहे, स्वयंपाकघरात, टेबलाशी. ओव्हनचं दार सताड उघडं. पाई टेबलावर, कडेची पारी तुटलेली. जाड कापडी हातमोजे खुंटीलाच. तळव्यांवर थाळीच्या कडेची लाल रेघ, फोड धरू लागलेली, आणि रेघेवर काहीतरी पांढरट, ओशट, बोटांनी निगुतीने चोळून लावलेलं.

ती हात नाकाशी नेत नाही.

बाहेरच्या खोलीतून नवरा विचारतो, हा कसला गं वास येतोय.