घाटाआधीचं गरम पाणी

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर मुंबईतल्या शीवहून लोणावळ्यापर्यंत पळायची एक शर्यत मी सत्तरच्या दशकात दोनदा पळालो. पहाटे निघायचं आणि संध्याकाळी सहाच्या आत घाट चढून वर पोचायचं. जो मागे पडेल त्याला उचलायला टेंपो असे. पहिल्या वर्षी त्याने मला खोपोलीत उचललं आणि उलटं फिरून खालापूरजवळच्या माझ्याच गावात आणून सोडलं. मोहोपाड्याला मी कामाला होतो त्या कारखान्यात वर्षभर मला पाहिलं की कुणीतरी तोंडाने टेंपोचा भोंगा वाजवायचं. माझा राग आधीच नाकाच्या शेंड्यावर. ठरवलं, पुढच्या वर्षी रांगत घाट चढेन, पण टेंपोत बसणार नाही.

पुढच्या वर्षी दुपारी आमच्या फाट्यावर आलो, तर काकी रस्त्यातच उभी. आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनेच. लांबून चालत आलेल्या माणसाला पाय धुवायला पाणी द्यायचं, मग बाकीचं बोलायचं, ही आमच्याकडची रीत. शेजारी दगडावर वाफाळतं पातेलं.

"बूट काढ रं."

"काकी, शर्यत हाय. थांबायचं नाय मला."

"मुंबईहून आलास ना? मग पाय धू. डोंगर काय पळून जातोय?"

तिच्यापुढे गावात कुणाचं चाललं नव्हतं, माझं काय चालणार! बसलो. तिने पाय चोळून धुतले, पदराने पुसले, हातात मीठ घातलेल्या पेजेचा वाडगा दिला. इतकं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही. पेज संपवून पाहतो तर काय, घामाचा वास येतो म्हणून तिने माझे मोजेही त्याच पाण्यात धुऊन पिळले होते! दुसरे मोजे नव्हते. ओलेच चढवले आणि पळालो.

खोपोली येईपर्यंत दोन्ही तळव्यांना फोड. मागे टेंपोचा आवाज. मी काकीला मोठमोठ्याने नाही नाही ते बोललो. मग बूट-मोजे काढले, नाडीला नाडी बांधून गळ्यात अडकवले आणि कडेच्या मातीतून अनवाणी घाट चढू लागलो. भाताच्या चिखलात वाढलेले पाय, त्यांना माती नवी नव्हती. दुखत होतं, पण पाय उचलत होते. वाटेत माझ्याहून तगडे गडी पोट धरून बसलेले दिसले. माझ्या पोटात पेज होती. बोलणं आपोआप बंद झालं.

सहाला चार मिनिटं कमी असताना मी लोणावळ्यातली शेवटची दोरी ओलांडली. टेंपोवाल्याने खाली उतरून माझी पाठ थोपटली.

रात्री एसटीने घरी आलो. चुलीवर पुन्हा पाणी. धाकटी चुलत बहीण म्हणाली, सकाळीही आई असंच करत होती, निवलं की तापवायची, निवलं की तापवायची. घाटात बोललेला शब्द न् शब्द मला टोचला. कुणीतरी आपल्यासाठी पाणी निवू देत नाही, याहून माणसाला काय हवं असतं?

काकीने माझे तळवे दिव्याजवळ धरले आणि तिचे डोळे भरून आले.

"मेल्या बुटांनी काय हाल केलं रं माझ्या पोराचं!"

"हो काकी, बुटांनीच," मी म्हणालो आणि दोन्ही पाय पातेल्यापाशी पुढे केले.