मागे केलेला हात

शेजारचे काका टोमॅटोच्या झाडांशी बोलायचे. "लई माजलास की!" असं दटावत पानाच्या बगलेतला फुटवा नखानं खुडायचे. वाकलेली फांदी काठीला बांधायला जुन्या यंत्रमागावरचं सूत असे. गाठ सैल असायची, पण सुटायची नाही.

खुडलेला फुटवा ते फेकत नसत. वळून न बघताच हात मागे करायचे. काकू तो घेऊन तेलाच्या रिकाम्या डब्यात, ओल्या मातीत खोचायच्या. आमच्या दारातली दोन झाडं तशीच आलेली.

काकू गेल्या. महिनाभर काका परसात फिरकले नाहीत आणि झाडं मातीवर लोळली. काल सकाळी ते काठ्या घेऊन आले. मी कुंपणाच्या अलीकडे पाणी घालत होतो. त्यांनी एकेक फांदी उचलून बांधली. मग पहिला फुटवा खुडला आणि हात मागे केला.

हात बराच वेळ तसाच राहिला. मग "व्हय की," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी फुटवा सदऱ्याच्या खिशात ठेवला.

आमच्यातलं कुंपण कमरेएवढंच आहे. मला हात पुढे करता आला असता. मी पाणी घालत राहिलो.