साप जेवायला बसला

गिरणीच्या कॅन्टीनमध्ये काकांनी उभा जन्म स्वयंपाक केला. ताटात टाकलेलं अन्न त्यांना बघवत नसे. कुणी अर्धवट उठला की ते हातातला डाव घेऊन त्याच्यामागे दारापर्यंत जात आणि विचारत, "मीठ कमी होतं का?" त्या धाकाने कामगार ताट पुसून खात.

काका निवृत्त झाले त्याच सुमारास त्यांच्या लेकीला परगावी नोकरी लागली. तिथल्या खोलीत प्राणी चालत नव्हते. म्हणून तिने आपला पाळीव साप काचेच्या पेटीसकट आईबाबांकडे सोडला. सोबत त्याचं खाणं, म्हणजे गोठवलेले उंदीर. ते फ्रीजमध्ये मटाराशेजारी गेले. काकूंनी मटार त्या दिवसापासून सोडले.

साप उंदराकडे ढुंकूनही बघेना. काकांनी उंदीर कोमट पाण्यात ठेवून पाहिला, चिमट्यात धरून नाचवून पाहिला. मग पेटीसमोर खुर्ची टाकून दिवसभर तिथेच बसू लागले. "खा रे राजा, गार होतंय."

"माझ्या आजारपणात केली होतीत का एवढी विनवणी?" काकूंनी विचारलं.

"तू जेवत होतीस," काका म्हणाले.

शेवटी त्यांनी साप जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्यांनी तो नीट तपासला. "साप ठणठणीत आहे. तुम्ही समोर बसता ना, म्हणून घाबरतो. पेटीवर कापड टाका आणि घराबाहेर जा."

आपल्यामुळे कुणी उपाशी राहिलं, हे ऐकून काकांचा चेहरा एवढासा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उंदीर ठेवून, पेटी झाकून दोघं जिन्यात जाऊन बसले. वरची शेजारीण भाजी घेऊन आली. "भांडलात की काय?"

"नाही हो. साप जेवतोय," काकू हळूच म्हणाल्या.

शेजारीण चपला हातात घेऊन वर गेली.

काका दोनदा उठले. काकूंनी सदरा धरून त्यांना खाली बसवलं. "जेवत्या माणसाच्या तोंडाकडे बघायला कशाला जाताय?"

ऊन उतरल्यावर त्यांनी कापड उचललं. उंदीर नव्हता. सापाच्या पोटाला मधोमध फुगवटा आला होता आणि तो सुस्त पडला होता. काकांनी लेकीला फोन लावला आणि तो काकूंपुढे धरून डोळे पुसले. काकूंनी फोन घेतला.

"जेवला गं. काही टाकलं नाही. बाबांना जरा भरून आलंय." मग त्या थांबून म्हणाल्या, "पुढच्या खेपेला जिन्यात बसायला मी उशी नेणार आहे."