कुणाच्याच हाती नसलेलं नाव

माझी मैत्रीण कस्तुरी मगदूम नावं विकते. विश्रामबागेत आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर तिचं एका खोलीचं ऑफिस आहे. सांगलीतल्या हळदीच्या आणि बेदाण्याच्या कितीतरी व्यापाऱ्यांच्या वेबसाइटची नावं तिनेच नोंदवून दिलेली आहेत. लग्न केलं नाही. का, असं विचारणाऱ्याला ती चहा पाजते आणि वाटेला लावते. तोंडाची फटकळ आहे, पण तिच्याइतकं मायाळू माणूस मी पाहिलेलं नाही, आणि ही माया कधी अंगाशी येईल याची मला पहिल्यापासून धास्ती होती.

“वेबसाइटचं नाव म्हंजे भाड्याची खोली,” ती गिऱ्हाइकांना सांगायची. “भाडं थकलं की तुमची ट्रंक रस्त्यावर.” तरी दरवर्षी कुणीतरी मुदत विसरायचाच. नाव भलताच कुणी उचलायचा आणि हा बोंबलत कस्तुरीकडे यायचा. त्यामुळे ब्लॉकचेनवरच्या नावांची माहिती कळली तेव्हा बाई हरखून गेली. तिने निवडलेल्या ठिकाणी भाडं नव्हतं, मुदत नव्हती. नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारखी राहते, ती कुठल्याही कचेरीला पुसता येत नाही. नाव बांधलेलं असतं किल्लीला, आणि किल्ली म्हणजे ठरलेल्या क्रमाने बारा इंग्रजी शब्द. शब्द ज्याच्याजवळ, नाव त्याचं. ते हरवले तर ब्रह्मदेव आला तरी काही करू शकत नाही.

तिने ‘मगदूम’ हे नाव घेतलं. “आडनावासारखंच गं, शरयू,” ती मला म्हणाली. “वरचं नाव माज्या हातात. त्याच्याखाली कुणाला काय नाव द्यायचं ते मी ठरवायचं.” साताऱ्यात कंपनीत असलेला धाकटा भाऊ जिनेंद्र आणि त्याची बायको ब्राह्मी, दोघांना तिने त्याखाली एकेक नाव दिलं. तेवढ्यात ब्राह्मीला दिवस राहिले. झालं! बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या ही एकटीच.

बाळ हातात येईपर्यंत आपल्याकडे टोपडंसुद्धा घरात आणत नाहीत. हिला मात्र धीर निघेना. स्वतःच्याच नावाखालची जागा, ती दुसरं कोण बळकावणार होतं? तरी मुलगीच होणार असं मनाने घेऊन तिने ‘चंदना’ हे नाव आधीच नोंदवलं. त्याची किल्ली वेगळी केली. शकुनाची थोडी डिजिटल नाणी त्यात टाकली. वर असं कुलूप घातलं, की वरचं नाव हातात असूनही खुद्द कस्तुरीला ते परत घेता येऊ नये. “दिलं म्हंजे दिलं,” म्हणाली.

मूल मेलेलंच जन्माला आलं. मुलगीच होती.

कस्तुरी साताऱ्याहून परतली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात आली आणि बारा शब्दांचा एकुलता एक कागद तिने माझ्या गॅसवर धरला. “तिचं नाव तिच्यापाशीच ऱ्हाऊ दे,” म्हणाली. “आता ते कुणाच्याच हाती न्हाई.” मला रडू आवरेना. तेव्हा वाटलं, हे एका परीने बरंच झालं.

पुढे कधीतरी, जीव राहत नाही म्हणून, ती ते नाव मोबाइलवर बघायला लागली; नुसतं बघायला किल्ली लागत नाही. त्या पत्त्यावर कुठली कुठली फुकट नाणी येऊन पडलेली असायची. मी दचकले, तर तीच हसली. “दाराबाहेर कुनीबी कचरा टाकतंय गं. आत जायला किल्ली लागती.”

मग एका दुपारी तिने मला खाली बोलावलं. चंदनाच्या नावापुढे चित्राची जागा असते, ती इतके दिवस रिकामी होती. तिथे आता एक झबलं होतं. साधं, पांढरं, बंदांचं.

“हे आतून ठेवलंय,” कस्तुरी म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू येईना. “किल्लीबिगर हे व्हतच न्हाई. आणि किल्ली तुज्यादेखत जळाली.”

मी म्हटलं, कुणीतरी आधीच चोरली असेल. पण चोर झबलं कशाला ठेवेल? काही महिन्यांनी झबलं गेलं आणि तिथे रांगणाऱ्या मुलाच्या मापाचा फ्रॉक आला. आत माणूस नाही, नुसता फ्रॉक, चटईवर पसरलेला. त्यानंतर पिवळ्या चपलांची जोडी. चालायला लागलेल्या पोराची असते तेवढीच. मी मनात हिशेब केला. ती असती तर बरोबर एवढीच असती.

अशात जिनेंद्रचा फोन आला. ब्राह्मीला पुन्हा सातवा लागला होता. “आक्का, तुज्या कानावर घालायला भीत हुतो,” तो म्हणाला. कस्तुरीने फोन ठेवला आणि माझा हात धरला. नवं लेकरू येण्याआधी त्या नावाचा निकाल लागलाच पाहिजे, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. किल्ली कुणाकडे आहे ते शोधायचं आणि ते वाढणारं नाव बंद करायचं. पण आधी ब्राह्मीला सगळं सांगणं भाग होतं. एकटीने जायची तिची छाती होईना, म्हणून मीही निघाले. एसटीने आम्ही साताऱ्याला पोचलो.

जिनेंद्र कामावर गेलेला होता. ब्राह्मी स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. कस्तुरीने अडखळत सगळं सांगितलं, कागद जाळला तो, मग झबलं, फ्रॉक, चपला. ब्राह्मीने मान वर केली नाही. मेथीची पानं खुडत खुडत ती बोलायला लागली.

“विंटर. ऑरेंज. लॅडर. रिव्हर...”

बाराच्या बारा शब्द. “तेच हायती,” कस्तुरी पुटपुटली.

“डोहाळजेवणाला तुमीच वाचून दाखिवलं की, वन्सं. कसं उघडायचं तेबी मोबाइलवर दाखिवलं. तवाच मी ते पाठ केलं, तुमच्या ध्यानातबी आलं नसंल. रोज पोटावर हात ठिवून म्हनायची. ‘लॅडर’ म्हनलं की पाय मारायची ती.” ब्राह्मीने देठं बाजूला सारली. “कपडे मीच आनते. फोटू काढते आणि कपाटात ठेवते. ह्यांना ठावं न्हाई.”

“बंद कर गं ते, बाई माजी,” कस्तुरी हात जोडून म्हणाली. “दुसरं लेकरू यायचं हाय. त्याच्यावर सावली नको.”

“ते आलं की त्याला त्याचं नाव ठेवा. हे हिचं हाय.” ब्राह्मी शांत होती, आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. “दवाखान्यात कुनी तिला नावानं हाक मारली न्हाई. ह्यांनी आजपातूर एकदाबी मारली न्हाई. नाव तुमी ठेवलंय, वन्सं. एकदा तुमी मारा.”

कस्तुरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. तरी ती ब्राह्मीकडे वळली.

“चंदना.”

ब्राह्मीने डोळे मिटले. तिच्या तोंडून बारीक, बोबडी, तिची नव्हे अशी ओ आली. “ओ, आत्या.”

मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं. बंद करायला आलेल्या कस्तुरीने पुढे सरकून पुन्हा हाक मारली.