आण्णांच्या फाईलमधलं शाळेचं पान

निवृत्त झाल्यावर आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपलं आयुष्य लिहून काढायला घेतलं. ते मलकापूरला प्राथमिक शिक्षक होते. लिहिलेल्या फुलस्केपची चळत घेऊन ते एसटीने कोल्हापुरात माझ्याकडे यायचे, आणि ऑफिस आणि स्वयंपाक सांभाळून मी ती टाईप करायचे. शाहूपुरीतल्या एका क्लासमधून मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. आमच्या घराण्यात तोवर कुणी त्या यंत्राला हात लावला नव्हता. आण्णा भेटेल त्याला सांगायचे, "माझं पुस्तक पोरीच्या कॉम्प्युटरात हाय."

सगळं मी एकाच फाईलमध्ये टाकत गेले. प्रकरणांना मथळे नाहीत, पानांना आकडे नाहीत. फाईल उघडायची, तळाला जायचं आणि पुढचं टाईप करायचं. मागे वळून काही शोधायची वेळ कधी आलीच नव्हती.

एका रविवारी ते चाचांना घेऊन आले. चाचा त्यांचे शाळेपासूनचे मित्र. मलकापुरात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. चहा झाल्यावर आण्णा म्हणाले, "ते शाळेतल्या पाण्याचं दाखव की ह्याला. ह्यानं अजून बघितलं न्हाय."

मी खाली जायचा बाण दाबून धरला. पानं पळायला लागली. आण्णांचं लग्न गेलं, गगनबावड्याची बदली गेली. फार पुढे आले म्हणून वर गेले, तर आजीचं दुखणं. आण्णा जसं आठवेल तसं लिहायचे, त्यामुळे शाळा सुरुवातीलाच असेल याचा भरवसा नव्हता. शब्द शोधायची सोय असते एवढं क्लासमध्ये ऐकलं होतं. तिथे 'पाणी' टाईप केलं, तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला उमटला. तेव्हाच्या मराठी फॉन्टचं तसंच होतं. पानावर मराठी दिसायचं, आत मात्र इंग्रजीच असायचं. तो काला तसाच ठेवून शोधलं असतं तरी सापडलं असतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मी घाबरून ते बंद केलं.

"हरवलं का काय?" चाचांनी विचारलं.

"न्हाय न्हाय," आण्णा घाईने म्हणाले, "माझंच लिहिणं फापटपसारा झालंय. तिची काय चूक न्हाय."

ते मला सांभाळून घेत होते, त्याने माझे कान जास्तच तापले. ऑफिसात मी इतरांना कॉम्प्युटर शिकवत असे.

शेवटी पान सापडलं. चाचांनी चष्मा चढवला आणि वाकून वाचायला लागले. आम्ही बौद्ध झालो त्याच्या आधीची ती गोष्ट. शाळेत आण्णांना दाराशी बसवायचे. तहान लागली म्हणून ते माठापाशी गेले आणि गुरुजींनी छडी उचलली. तेव्हा वर्गातला एकच मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, पाणी मीच ओतलं त्याच्या ओंजळीत." तो मुलगा म्हणजे चाचा, असं आण्णांनी लिहिलं होतं.

चाचांनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ह्यो मी न्हवं."

"तूच की," आण्णा हसले.

"न्हाय गा. सुताराचा थोरला उठलता. मी खाली बघत बसलतो."

आण्णांचं हसू तिथंच राहिलं. "एवढी वर्षं मी तुझे उपकार मानत आलोय."

"मग मला कधी बोलला न्हाईस ते?"

"बोलून दाखवायची गोष्ट हाय व्हय ती?"

मग आण्णांनी विचारलं, "त्याचं नाव काय रं?" चाचांनाही आठवेना. सुताराचं कुटुंब पुढे गाव सोडून गेलं होतं, एवढंच दोघांना माहीत. मला ते पान पुढे सरकवावंसं वाटत होतं, पण चाचा अजून पडद्याकडेच बघत होते. शाळेतून आलेल्या माझ्या मुलांना मी तोच मजकूर वाचून दाखवला होता, मैत्री अशी असते म्हणून.

चाचा जेवायला थांबले नाहीत. आण्णा त्यांना स्टँडवर सोडून आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "सगळीकडचं काढ."

सगळीकडचं म्हणजे कुठकुठलं? चाचांचं नाव येईल तिथे 'ज्याने माझ्यासाठी तोंड उघडलं' असं काहीतरी होतंच. शाहूपुरीत एक बाई डीटीपीचं काम करायच्या. कोर्सचं सर्टिफिकेट असलेल्या बाईने हे विचारायला जायचं म्हणजे जिवावर आलं होतं. मी त्यांना आधी सर्टिफिकेटचं सांगितलंच नाही. त्यांनी मथळे कसे द्यायचे ते दाखवलं; मग डाव्या बाजूला त्यांची यादी येते आणि एकावर क्लिक केलं की त्या पानावर जाता येतं. आमच्या यादीतही तोच काला दिसला, म्हणून शाळा, लग्न, बदली असे मथळे मी इंग्रजी अक्षरांत घातले. मग प्रकरणामागून प्रकरण वाचत ती वाक्यं काढली. काही ठिकाणी वाक्य काढल्यावर चाचांचं नाव तिथे कशासाठी आहे तेच कळेना. तरी नाव ठेवलं.

पुढच्या खेपेला आण्णा आले, तेव्हा मी शाळेचं पान लगेच उघडलं. त्यांनी नवं वाक्य सांगितलं, "उभ्या राहिलेल्या मुलाचं नाव मला आठवत नाही, याची लाज वाटते." मी टाईप केलं. ते म्हणाले, लाजेचं काढ. काढलं. जेवण झाल्यावर म्हणाले, "राहू दे, घाल परत."

पुस्तक छापून झाल्यावर चाचा स्वतः येऊन एक प्रत घेऊन गेले. ते पान त्यांनी उघडलं का, हे आण्णांनी त्यांना विचारलं नाही. मीही नाही.